कॉम्प्युटर सारखा बंद पडतो? आधी वही काढा



आज डाउनी नाही, छाटणी नाही, पाण्याचं गणितही नाही. डिसेंबरपासून पेजवर नोंदी कमी का झाल्या, असं बऱ्याच जणांनी विचारलं. कारण घरातला कॉम्प्युटर आजारी होता. तो का बंद पडत होता हे शोधायला एप्रिल उजाडला. जे सापडलं ते लिहून ठेवतोय, कारण वस्तीवर राहणाऱ्या निम्म्या लोकांच्या घरी हेच होत असणार आणि त्यांनाही "नवीन घ्या" एवढंच सांगितलं जात असणार.

"आता डेस्कटॉप कोण वापरतं, सगळं मोबाईलवर करा" असं म्हणणारे आहेत. त्यांना एवढंच सांगतो की २०१७ पासूनची चारही प्लॉटची माहिती त्या डब्यात आहे. खरड छाटणी, गोडी छाटणी, देठ परीक्षणाचे रिपोर्ट, प्रत्येक फवारणीची तारीख, औषध, डोस, पाणी, पीएचआयचे दिवस. एक्स्पोर्टचा माल द्यायचा तर जानेवारीत हा हिशेब समोर ठेवावा लागतो. सल्लागार आले की पहिला प्रश्न, "मागच्या तीन वर्षांत या प्लॉटला घड जिरले तेव्हा छाटणीची तारीख काय होती?" ते मोबाईलवर स्क्रोल करून सापडत नाही.

तर डिसेंबरात हा डबा (गावात ज्याला सगळे सीपीयू म्हणतात तो, खरा सीपीयू आत नखाएवढा असतो, पण राहू द्या) मधेच बंद पडून आपोआप चालू व्हायला लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. तालुक्याला दुरुस्तीला नेला. तिथल्या पोरानं फॉरमॅट मारला, ४०० रुपये घेतले. दोन दिवसांनी परत तेच. पुन्हा नेला तर म्हणाला, "भाऊ, मदरबोर्ड गेलाय. यात पैसे घालू नका, २२ हजारात नवीन बसवून देतो."

त्या पोरावर राग नाही. त्याच्या दुकानात डबा नेला की तो दिवसभर सुरळीत चालायचा. ही गोष्ट मात्र मला खटकली. मदरबोर्ड खरोखर गेला असेल तर तो तालुक्याला गेल्यावर बरा कसा होतो?

आपल्याकडे पान पिवळं पडलं की दुकानदार सूक्ष्म अन्नद्रव्याचं पाकीट देतो. पण नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाकडे बघायचं, जुन्या पानावर शिरांच्या मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियमकडे, आणि मुळाशी पाणी साचलं असेल तर पाकीट ओतून काही होत नाही. तिन्हीला "पान पिवळं पडलंय" असंच म्हणतात. "कॉम्प्युटर बंद पडतो" हे वाक्य तसंच आहे. कसा बंद पडतो, कधी पडतो, त्या वेळी आजूबाजूला काय चालू होतं, हे कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून शंभर पानी वही घेतली आणि डब्याशेजारी टांगली. प्रत्येक वेळी तारीख, वेळ, लाईट कोणती होती (थ्री फेज का सिंगल), काय काम चालू होतं आणि कसा गेला. 'कसा गेला' हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा ठरला. एक म्हणजे झटका बसल्यासारखा बंद होऊन लगेच चालू होणं. दुसरं, निळी स्क्रीन. तिसरं, आहे तिथं गोठून बसणं, माऊससुद्धा हलत नाही. चौथं, बंद होऊन बंदच राहणं.

इथं विंडोजची एक सेटिंग बदलावी लागते. निळी स्क्रीन आली की विंडोज स्वतःच रीस्टार्ट करतं, त्यामुळे आपल्याला वाटतं झटका बसला. सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, त्यात स्टार्टअप अँड रिकव्हरी, तिथली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढून टाका. मग निळी स्क्रीन आली तर तिथेच थांबते, तिच्यावरचं नाव लिहून घेता येतं. एवढं केल्यावर कळलं की आपल्याकडे एक नाही, दोन आजार आहेत. काही वेळा खरंच झटका, काही वेळा निळी स्क्रीन.

इव्हेंट व्ह्यूअर नावाची विंडोजची स्वतःची वही असते. त्यात 'कर्नल-पॉवर ४१' अशी लाल नोंद दिसली की लोक घाबरतात, एसएमपीएस गेला म्हणतात. तसं नाही. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन नीट बंद न होता गेलं. झाड मेलं एवढीच ती नोंद, मरचं कारण त्यात नाही. पण ती नोंद उघडून तपशील पाहिला तर 'बगचेक कोड' असा आकडा असतो. तो शून्य असेल तर विंडोजला काही कळायच्या आत वीज तुटली किंवा मशीन एकदम गेलं. शून्य नसेल तर निळी स्क्रीन येऊन गेलेली आहे. माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या नोंदी निघाल्या. म्हणजे वही आणि विंडोज एकच बोलत होते.

पण आजार शोधण्याआधी एक काम केलं, आणि ते सगळ्यांनी आधी करावं. माहिती वाचवली.

पुतणी पॉलिटेक्निकला आहे. ती सुट्टीला आली होती. मी पेनड्राइव्हवर बॅकअप घेत होतो तर म्हणाली, "काका, थांबा. याची कॉपी बरोबर होतेय का ते आधी बघू." तिनं तेच फोल्डर दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतलं आणि दोन्ही तिच्या लॅपटॉपवर तपासले. विंडोजमध्ये सर्टयुटिल म्हणून एक कमांड असते, ती प्रत्येक फाइलचा आकड्या-अक्षरांचा ठसा काढून देते. फाइलमधली एक खूण बदलली तरी ठसा बदलतो. सहाशेच्या वर फाइल्स होत्या. तीन फाइल्सचे ठसे जुळेनात. तीच फाइल, तोच डबा, दहा मिनिटांच्या अंतरानं दोनदा कॉपी केली आणि दोन्ही वेगळ्या!

पोटात गोळा आला. रीस्टार्टचा त्रास दिसतो तरी, पण हा डबा गुपचूप फाइल्स बिघडवत होता आणि आपण त्याला बॅकअप म्हणत होतो. कॉपी करताना डेटा आधी रॅममधून जातो. रॅमचा एखादा कोपरा सडका असेल तर जाताना अक्षर बदलतं, आणि मशीन काही बोलत नाही.

तिथेच डबा बंद केला. हार्ड डिस्क काढली, अडॉप्टरनं तिच्या लॅपटॉपला जोडली आणि तिथून सगळं कॉपी केलं. आता ठसे जुळले. क्रिस्टलडिस्कइन्फोवर डिस्कची तब्येत पाहिली. रीअलोकेटेड सेक्टर शून्य, करंट पेंडिंग सेक्टर शून्य. हे दोन आकडे वाढत असतील तर डिस्क मरायला टेकली समजा. आमची डिस्क ठणठणीत होती. पण डिसेंबरनंतर याच डब्यावर सेव्ह झालेल्या दोन शीट्स उघडल्याच नाहीत. त्या फवारणीच्या कागदी रजिस्टरवरून परत भरल्या, दोन रात्री गेल्या. रजिस्टर होतं म्हणून जानेवारीत माल गेला.

आता झटक्याकडे येतो.

तीन आठवड्यांची वही पाहिली तर झटक्याच्या वेळा विखुरलेल्या नव्हत्या. ज्या दिवसांत थ्री फेज दिवसा होती, त्या दिवसांत झटका सकाळी लाईट आल्यापासून पाच मिनिटांच्या आत. ज्या दिवसांत थ्री फेज रात्री होती, तेव्हा दिवसभर एकही झटका नाही. तालुक्याला डबा बरा का व्हायचा, त्याचं उत्तर या रकान्यात होतं.

आमच्या डीपीवर वीस-बावीस मोटारी आहेत आणि जवळजवळ सगळ्यांना ऑटो बसवलेला आहे. लाईट आली की सगळ्या मोटारी एकाच मिनिटात उठतात. डायरेक्ट स्टार्टरवरची मोटार उठताना नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. आमचं घर लाईनच्या शेवटाला. मीटर लावून बसलो. सकाळी २१० दाखवणारा मीटर मोटारी उठताना १३५ पर्यंत खाली आला आणि काही सेकंदांत १९० वर परत चढला. साधा मीटर हळू असतो, खरा खड्डा याहून खोल असणार. कॉम्प्युटरचा एसएमपीएस वीज पूर्ण गेल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. त्यापुढे कुणीतरी आधार द्यावा लागतो, आणि त्यासाठीच यूपीएस असतो.

यूपीएस तर होता! वर हिरवा दिवा. प्रत्येक झटक्याच्या आधी त्यातून टक् असा आवाज यायचा. तो रिलेचा आवाज, म्हणजे यूपीएस बॅटरीवर जायचा प्रयत्न करत होता. त्याची बॅटरी काढली, १२ व्होल्ट ७ एएच. मीटरवर १२.६ व्होल्ट. कागदावर उत्तम. पण दावणीला उभा बैल तगडाच दिसतो, औताला जुंपल्यावर कळतं. ट्रॅक्टरच्या हेडलाईटचा जुना बल्ब घेतला आणि बॅटरीला जोडला. बल्ब पेटला, लाल झाला आणि मीटर बघता बघता ८ च्या खाली. बॅटरी आतून संपलेली होती. नवी बॅटरी ९५० रुपयांना आली. बसवली त्या दिवसापासून सकाळचा झटका बंद. पंधरा दिवस वही कोरी पाहिली तेव्हाच पुढच्या कामाला हात घातला.

हे मुद्दाम सांगतो. यूपीएसची बॅटरी, रॅम, केबल, पंखा असं सगळं एकाच दिवशी बदललं असतं तर कदाचित मशीन सुधारलं असतं, पण कशानं ते कळलं नसतं. कृषी विद्यापीठातली मंडळी ट्रायल घेताना न फवारलेली ओळ का ठेवतात, ते त्यांनाच विचारा. एका वेळी एकच बदल.

यूपीएस झाला तरी निळी स्क्रीन येतच होती. तिच्यावरची नावं वहीत होती. एकदा 'मेमरी मॅनेजमेंट', एकदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया', एकदा 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल'. प्रत्येक वेळी एकच नाव आणि एकच ड्रायव्हरची फाइल येत असेल तर त्या ड्रायव्हरकडे बघावं. नावं बदलत असतील, आज एक प्रोग्रॅम पडतो आणि उद्या दुसरा, तर रॅमचा संशय आधी. शिवाय फाइल्सचे ठसे जुळले नव्हते, तो पुरावा हातात होताच.

मेमटेस्ट नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. तो पेनड्राइव्हवर टाकून त्यावरूनच मशीन चालू करायचं, विंडोज लागत नाही. रात्री लावून झोपलो. सकाळी स्क्रीन लालेलाल. इथं "एखाद-दुसरी चूक चालते" असं नसतं. दुधात नासकं पडलं की पडलं. एक जरी चूक दाखवली तरी काहीतरी बिघडलेलं आहे.

पण काय बिघडलं? ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या, बोर्डावर दोन खाचा. प्लग काढला, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज जाऊ दिली, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून अंगातला स्टॅटिक काढला, मग पट्ट्या काढल्या. पहिली पट्टी पहिल्या खाचेत एकटी: चूक नाही. तीच दुसऱ्या खाचेत: चूक नाही. दुसरी पट्टी पहिल्या खाचेत: लाल. दुसऱ्या खाचेत: लाल. म्हणजे चूक पट्टीबरोबर फिरते, खाच आणि बोर्ड निर्दोष. उलटं झालं असतं, चूक खाचेबरोबर राहिली असती, तर त्या पोराचं मदरबोर्डचं निदान बरोबर ठरलं असतं. दुसऱ्या पट्टीचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबरानं हलके घासून, पुसून परत लावून पाहिली, कारण बऱ्याचदा नुसता कॉन्टॅक्ट खराब असतो. तरी लाल. ती काढून टाकली. चार रात्री गेल्या, खर्च शून्य. तशीच जुनी पट्टी नंतर ६०० रुपयांना मिळाली, ती बसवायच्या आधी तिचीही रात्रभर परीक्षा घेतली.

पट्टी खराब का झाली? शिक्का मारून सांगता येणार नाही. पण डबा ज्या खोलीत होता त्याच खोलीत गंधकाच्या पिशव्या आणि पॅकिंगचे ग्रेपगार्ड ठेवलेले असायचे. घरात पक्की खोली तेवढी एकच. ग्रेपगार्डमध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट असतं, दमट हवेत ते सल्फर डायऑक्साइड सोडतं. घडावर बुरशी येऊ नये म्हणून ते चांगलं, धातूला वाईट. गंधकाची वाफ तांब्याला आणि चांदीला काळं करते, घरातली चांदीची जोडवी बघा. डब्याचे स्क्रू गंजलेले होते, मागच्या सॉकेटच्या पत्र्यावर काळपट थर होता. कॉम्प्युटर आता ओसरीलगतच्या खोलीत आहे. औषधांच्या खोलीत यूपीएस, राऊटर, ठिबकचा कंट्रोलर ठेवला असेल तर एकदा कनेक्टर काढून बघा.

फेब्रुवारी-मार्च छान गेले. एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या वेळी चौथ्या रकान्यात पहिली नोंद पडली: दुपारी अडीच, बंद झाला आणि बंदच राहिला. पाच मिनिटांनी चालू केला, चालला, परत गेला. ही तऱ्हा उष्णतेची. प्रोसेसर फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर जीव वाचवायला मशीन बंद करतो. एचडब्ल्यूइन्फोवर तापमान पाहिलं, काम नसताना ६४ अंश आणि मोठी शीट उघडली की ९८. उघडून पाहिलं तर पंख्यात धुळीची गादी, आणि त्याहून मोठं म्हणजे प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या चार प्लास्टिकच्या पायांपैकी एक उचकटलेला. हीटसिंक एका बाजूनं अधांतरी. थंडीत हे निभावून गेलं, एप्रिलात नाही.

धूळ काढायला आपण टायरच्या कॉम्प्रेसरची हवा मारतो. टाकीतलं पाणी आधी सोडा, नाहीतर हवेबरोबर पाण्याचे थेंब बोर्डावर बसतात. पंखा बोटानं धरून ठेवा, तो भिंगरीसारखा फिरू देऊ नका. जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी. जास्त लावून जास्त गार होत नाही. चौथा पाय दाबला, टक् वाजला. आता त्याच शीटला ७१ अंश.

राहिला एसएमपीएस. तो निर्दोष निघाला, पण तपासला कसा ते सांगतो. मशीन चालू असताना मोकळ्या कनेक्टरवर मीटरनं पाहायचं: पिवळी वायर १२ व्होल्ट, लाल ५, नारंगी ३.३, काळी निगेटिव्ह. पाच टक्के इकडेतिकडे चालतं. म्हणजे १२ ची वायर ११.४ ते १२.६ मध्ये हवी. माझी ११.९, काम वाढल्यावर ११.८. बोर्डावरचे छोटे डब्यासारखे कपॅसिटरही पाहून घ्या, त्यांचं डोकं सपाट असावं. फुगलं असेल किंवा तपकिरी चिकट काही गळलं असेल तर तो बोर्ड चालेलही, पण भरवसा नाही. एसएमपीएसचा स्वतःचा डबा मात्र उघडू नका. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतं. मोटारीच्या स्टार्टरचा कपॅसिटर ज्याला एकदा लागलाय त्याला जास्त सांगायला नको.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या, ती वेगळीच भानगड निघाली. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडीवर जवळपास निम्मं व्होल्टेज तरंगतं. करंट अगदी थोडा, पण जाणवतो. आमचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठक्क होतो. तार साफ करून परत कसली, मीठ-कोळसा भरला, आठवड्याला दोन बादल्या पाणी. मुंग्या गेल्या. न्यूट्रल आणि अर्थमधला फरक ३० व्होल्टवरून २ वर आला.

आणखी एक बारीक गोष्ट. लाईट पूर्ण गेली की डब्याचं घड्याळ जुन्या तारखेला जायचं. बोर्डावरचा नाण्यासारखा सेल, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. आमचा २.३ वर आला होता. पन्नास रुपयांच्या आतलं काम. पण माझ्या शीटमध्ये काढणीला किती दिवस राहिले हे आजच्या तारखेवरून निघतं, त्यामुळे चुकीच्या तारखेला पीएचआय पूर्ण झाल्याचा हिरवा रंग दिसू शकतो. ज्यांची शीट अशी आहे त्यांनी रोज आधी कोपऱ्यातली तारीख बघा, मग फवारणीचा निर्णय घ्या.

एकूण खर्च बॅटरी ९५०, रॅम ६००, पेस्ट आणि सेल मिळून दीडशेच्या आसपास. त्या पोराला हिशेब सांगितला तर म्हणाला, "भाऊ, वही घेऊन कुणी येतच नाही ना." खरं आहे त्याचं. त्याच्या दुकानात लाईट स्थिर, हवा गार, वेळ अर्धा तास. त्याला दिसणार काय?

डबा आज चालू आहे. वही अजून टांगलेली आहे, १९ एप्रिलनंतर त्यात एकच नोंद आहे आणि ती धाकट्यानं पायानं वायर ओढल्याची. तुमचं घर डीपीपासून लांब असेल तर उद्या थ्री फेज येताना मीटर लावून बसा आणि मोटारी उठताना किती व्होल्ट दिसले, डीपीवर मोटारी किती, ते खाली लिहा. सगळ्यांचे आकडे एकत्र करून पुढच्या आठवड्यात टाकतो. ऑटोला प्रत्येकानं वेगळा वेळ लावून मोटारी टप्प्यानं उठवायचं आमच्या डीपीवर चार जणांनी कबूल केलंय, बाकीचे बघू म्हणालेत.